बुटांचे अकरा हजार

काकांनी ते पाकीट माझ्या हातात ठेवलं तेव्हा मुहूर्त टळून दीड तास झाला होता. पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलेली, घड्याळात दोन वाजून गेलेले. म्हणजे आमच्याकडच्या हिशोबानं लग्न वेळेवरच चाललं होतं. लातूरच्या बाहेरचं कार्यालय, २०२५ च्या एप्रिलचं ऊन, वर पत्रा. माईकवाला अजून पाव्हण्यांची नावं पुकारत होता. अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, शाल, फेटा, टाळ्या, फोटो, पुढचं नाव. नवरी बिचारी खोलीत पंख्याखाली दोन्ही हात लांब धरून बसली होती, मेंदीला घाम लागू नये म्हणून. काकांनी मला आचाऱ्याच्या बाजूला, जनरेटरच्या मागं बोलावलं. डोक्याला फेटा, कपाळावर फेट्याच्या रंगाचा ओघळ, आणि मुठीत आहेराचं एक पाकीट. गणपतीचं चित्र आणि कोपऱ्यात चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं असलेलं.

"निळ्या कुर्त्यातलं ते पोरगं दिसूलालंय का, नवरदेवाचं दोस्त? त्येच्या हातात दे. कुणाला कळू देऊ नको."

"कशाचे आहेत?"

"बुटाचे."

मला कळायला थोडा वेळ लागला. तासाभरापूर्वी पोरींनी नवरदेवाचे बूट पळवले होते आणि अकरा हजार मागितले होते. आधी हसणं-खिदळणं झालं, मग नवऱ्याकडच्या मंडळींनी पाच हजारांवर एक रुपया मिळणार नाही म्हणून सांगितलं. मग त्यांच्यातले कुणीतरी मावसे म्हणाले, आमच्याकडं ही असली पद्धत नाही. ते वाक्य तसं साधंच, पण लग्नघरात मुलीच्या बापाचे कान ज्या टोकाला लागलेले असतात तिथं ते बरोबर जाऊन बसतं. पोरी अजून हसत होत्या, त्यांना काही कळलेलं नव्हतं. काका बाजूला गेले आणि ही सोय करून आले. आता नवरदेव स्वतःच्या खिशातून काढल्यासारखे अकरा हजार काढणार, पोरी जिंकणार, पाव्हण्यांची मान वर राहणार आणि पैसे मुलीच्या बापाचेच जाणार. मी निळ्या कुर्त्याला पाकीट दिलं. त्यानं ते घेतलं, 'हां, ठीकय' म्हणाला आणि खिशात घातलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या डोक्यात तेच अडकून बसलंय. पुढं स्टेजवर नवरदेवानं झोकात पाकीट दिलं, पोरींनी किंकाळ्या फोडल्या, आणि कॅमेरावाला म्हणाला, परत एकदा घेऊ, इकडं बघून. मग पाकीट परत त्याच्या हातात गेलं आणि परत पोरींना मिळालं.

नाण्याची कड माझ्या अंगठ्याला लागली होती. ती अजून जाणवते.

बूट लपवायचा खेळ आपला नव्हेच. आपल्याकडं कानपिळी. नवरीच्या भावानं येऊन नवरदेवाचा कान धरायचा, नवरदेवानं त्याला पोशाख नाहीतर अंगठी द्यायची, झालं. त्यात पोरींना काही काम नाही. करवल्यांनी नवरीच्या मागं दिवा नाहीतर कळस धरून उभं राहायचं, अक्षता पडल्या की पदर सावरायचा, आणि कुणी फारच आग्रह केला तर लाजायचं. हे बूट कुठून आले ते माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. १९९४ च्या ऑगस्टमध्ये राजश्रीचा 'हम आपके हैं कौन' आला आणि वर्ष-दोन वर्षांत उस्मानाबादपासून नांदेडपर्यंतच्या पोरी मांडवात चपलांच्या ढिगाकडं नजर ठेवून बसायला लागल्या. शहाण्या लोकांनी त्या सिनेमाला लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हटलं. गोष्टच नाही म्हणाले, चौदा गाणी आणि मधूनमधून जेवण. मुंबईत लिबर्टीला तो शंभराहून अधिक आठवडे चालला, तेव्हा मात्र त्यांना कारण सापडेना. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि मला कुणी विचारलं नाही.

आता जरा मागं जाते, कारण ज्या काकांनी पाकीट दिलं त्यांच्या स्वतःच्या लग्नातही बूट आहेत.

मावशीची, म्हणजे काकांच्या बायकोची, सुपारी फुटली होती १९९३ च्या उन्हाळ्यात. तुळशीचं लग्न झालं की हिचं उरकायचं असं ठरलेलं. मधे ३० सप्टेंबरची पहाट आली. आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अंगाचं. पुढचं सांगायची गरज नाही. माळवदाचं घर, हातभर रुंद दगडामातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार म्हणून आबांना त्यांचं केवढं कौतुक. मावशी गणपती बोळवून उशिरा आली आणि आत उकडतंय म्हणून अंगणात पडली, एवढ्यावर ती राहिली. घरातली दोघं गेली. ती कोण हे इथं लिहीत नाही, आजीनं त्यांची नावं नंतर कधी घेतली नाहीत, मीही घेत नाही. तर मयतीचं वर्ष संपायच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. तीन वर्षं थांबायला सोयरे तयार नव्हते. म्हणून वैशाखात, पत्र्याच्या शेडात लग्न झालं. वाजंत्री नाही, मांडव म्हणून शेडाच्या दोन ओळींच्या मधे बांधलेली ताडपत्री. अक्षतांना ज्वारी होती, ती मात्र भरपूर, मदतीतून आलेली. हुंड्याची निम्मी रक्कम आधीच पोचली होती. राहिलेली पाव्हण्यांनी सोडली. सोडली हे मावशीला पुढं किती वर्षं ऐकवलं ते तिचं तिला माहीत.

गावात मारुतीचं देऊळ राहिलं नव्हतं. मूर्ती तेवढी काढून लिंबाखाली चार दगडांवर बसवलेली. परण्या तिथंच नेला. नवरदेवानं नवेकोरे काळे बूट काढले, नारळ फोडला, पाया पडला आणि वळून बघतो तर बूट नाहीत. लपवलेले नव्हते, गेलेलेच. तेव्हा त्या गावांत दिवसभर बाहेरची माणसं यायची, कुणी मदत घेऊन, कुणी बघायला, कुणी उचलायला. शोधाशोध झाली. कुत्र्यानं नेले असतील म्हणून पोरांना माळावर पिटाळलं. शेवटी आबांनी आपल्या पायातल्या चपला काढून पुढं केल्या आणि नवरदेव सासऱ्याच्या टायरी चपला घालून बोहल्यावर आला. आता हे हसण्यावारी जायला हरकत नव्हती. पण नवरदेवाचे वडील रुसले. पोराला अनवाणी केलं म्हणाले, जेवायला उठेनात. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी समजूत घातली, आणि आबांनी कमरेची चंची सोडून बुटाचे साडेतीनशे रुपये मोजून दिले. स्वतः अनवाणी उभे राहून. मी हे बघितलेलं आहे. मी खाली बसलेली होते, त्यामुळं मला पाय आठवतात. तापलेली माती, आणि आबा एकदा हा पाय उचलतायत, एकदा तो.

सिनेमा आम्ही बघितला तो पुढच्या उन्हाळ्यात, १९९५ ला. तोपर्यंत गावात व्हिडिओ आणायची पद्धत रुळलेली होती. टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेटी, रात्रभर. पण या सिनेमाची कॅसेट निर्मात्यांनी निघूच दिली नव्हती, बघायचा तर टॉकीजलाच जा. मग कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, शेडातल्या बायकांनी वर्गणी काढून टेम्पो केला. लातूर चाळीसेक किलोमीटर. मावशीला सातवा लागलेला, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला पुढं डायव्हरजवळ बसवावं म्हणून आजीचा हट्ट, पण तिथं जावईबापू म्हणजे आमचे काका बसले होते, आणि नवऱ्याशेजारी सगळ्यांदेखत कसं बसायचं म्हणून मावशी मागं आमच्यातच आली. मोठं पातेलंभर धपाटे, दह्याची बरणी, पाण्याची कळशी, तीन तान्ही लेकरं, नऊवारीत आजी, आणि नवी पातळं नेसलेल्या पंचवीसएक बायका. रस्त्यात एका गावात माणसांनी हात करून विचारलं, कुठलं वऱ्हाड म्हणायचं? मागून एक बाई ओरडली, मुंबईचं! एकट्या लक्ष्मण देशपांडेंच्या तोंडून लंडनला निघालेल्या वऱ्हाडातली ५२ माणसं ऐकलेल्या मराठवाड्यात हा विनोद सगळ्यांना लागलीच कळला. त्या टेम्पोत मी पहिल्यांदा आजोळच्या बायका एकत्र हसताना ऐकल्या. भूकंपानंतर पहिल्यांदा म्हणायचं का? मी म्हणत नाही, तसं नसेलही. मला मात्र तेच आठवतं.

टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी होती. खालच्या खुर्च्यांना ढेकूण, पंख्यांचा नुसता आवाज, आणि पडद्यावर संगमरवरी जिने. एवढी खोली, एवढी झुंबरं, जेवणाच्या टेबलाला शेवटच दिसत नाही. आजीला सगळ्यात आधी हायसं वाटलं ते माणसं ओळखीची निघाली म्हणून. लक्ष्या बेर्डे आला तशी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. आजी म्हणाली, ह्यो आपला हाय गं. रीमा लागू आपली. रेणुका शहाणे दूरदर्शनवरच्या 'सुरभि'त हसणारी, तीही आपली. माधुरी तर आपलीच. मग हळूहळू आजीच्या डोक्यात असं बसलं की हे लग्न म्हणजे मुलीकडचे सगळे मराठी आणि मुलाकडचे, एक लक्ष्या सोडला तर, सगळे हिंदी, आणि ती ते लग्न त्याच तणावात बघायला लागली. (संगीत देणारे रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील हे मला फार पुढं कळलं. आजीला सांगायचं राहून गेलं, तिनं तेही मुलीकडच्यांत मोजलं असतं.) ही गोष्ट राजश्रीनं आधी १९८२ साली खेड्यातल्या घरांत, बैलगाडीच्या रस्त्यावर सांगून झाली होती. तो सिनेमा आमच्यातल्या कुणी बघितलेला नव्हता. बैलगाडी बघायला आमच्या बायकांनी वर्गणी काढली नसतीच म्हणा.

बुटांचं गाणं लागलं. एका बाजूला पोरी, एका बाजूला पोरं, आणि त्या रंगीबेरंगी घाईत एकेक बूट इकडून तिकडं. मावशी पुढं सरकून बसली. तिला आधी वाटलं असावं की आता कुणीतरी रुसणार. मी तिच्या मांडीला टेकून होते, तिचं पोट घट्ट झालेलं मला जाणवत होतं. पडद्यावर मुलाकडचे हरले आणि हसले. पैसे काढून दिले आणि वर हसले. कुणाचेही वडील जेवायचे थांबले नाहीत. तेवढ्यात मागच्या रांगेतून आजीचा आवाज आला, खणखणीत, सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असा. "बघा गं त्येच्यात आमच्या जावयाचे सापडतेत का!" आमची पंचवीस बायकांची फलटण फुटली. पुरुषांच्या बाजूला काका कुठंतरी अंधारात बसलेले. त्यांनी काय केलं ते दिसलं नाही. मावशी पदर तोंडात घालून हसत होती आणि एका हातानं पोट धरून, अगं माय, अगं माय करत होती.

जिन्यावरून रेणुका शहाणे पडते तो भाग मावशीनं बघितलाच नाही. तिचा पाय निसटला मात्र, आजीनं मागून झेप घेऊन मावशीच्या तोंडावर पदर टाकला आणि दहा-पंधरा मिनिटं काढलाच नाही. गरोदर बाईनं असलं बघू नये. पदराखालून मावशी विचारत होती, काय झालं, काय झालं? आजी म्हणाली, काही नाही, माहेरी गेली ती. गंमत अशी की मावशीच्या लेखी त्या सिनेमात अजूनही कुणी मेलेलं नाही. पुढं टीव्हीवर हजारदा लागला, पण ती तेवढ्यात उठून चहा ठेवायला जाते. मग धाकटीचं त्याच भावजीशी का जमवायला निघाले, असं मी तिला एकदा विचारलं. तिचं उत्तर तयार होतं. थोरली माहेरीच राहिली म्हणून. तिला नांदायचंच नव्हतं.

आम्ही येताना टेम्पोत झोपलो. बायका गप्प होत्या. शेडात परतलो तेव्हा पत्रा अजून कोमट होता.

त्या सिनेमाबद्दल मला इतक्या वर्षांत जे वाटत आलंय ते असं. सव्वातीन तास लग्न चालतं आणि एकदाही कुणी हिशोब करताना दिसत नाही. मंडपवाल्याला उचल द्यायचीय, किराण्याची यादी वाढलीय, सोनाराकडं अर्धे पैसे बाकी आहेत, असं एक वाक्य नाही. मुलीचा बाप प्रोफेसर आहे आणि मुलाकडचे बंगलेवाले, मधलं अंतर केवढं तरी, पण ते हसण्यात बुडून जातं. शहरातले समीक्षक याला खोटेपणा म्हणत होते आणि त्यांचं चूक नव्हतं. पण आमच्या बायकांना लग्नातलं खरं काय ते तोंडपाठ होतं. त्यांनी आयुष्यभर लग्न हिशोबातूनच बघितलेलं. याद मांडायची, मानपान लिहायचा, टॉवेल-टोपी कुणाला, पूर्ण पोशाख कुणाला, विहिणीला कोणतं पातळ, झालीत काय घालायचं. सगळं एकाच दिशेनं वाहणारं, मुलीच्या घरातून मुलाच्या घरी, उताराला पाणी जावं तसं. त्यांना पडद्यावर एकच नवी गोष्ट दिसली: एक ओघळ उलटा आला. लहानसाच, बुटाएवढा. मुलाकडून मुलीकडं पैसे आले, ते पोरींनी स्वतः मागितले, भांडून घेतले, आणि कुणी त्यांना उद्धट म्हटलं नाही. जांभळी साडी सगळ्यांनी नेसली, तिच्यासारखा पाठ उघडी टाकणारा ब्लाऊज शिवायची हिंमत कुणाची झाली नाही. पण बूट मात्र त्यांनी घरी आणले.

सरळ आणता आले असं नाही. आमच्या घरात पहिल्यांदा बूट लपवले ते मामाच्या मेव्हणीच्या लग्नात. पोरींनी एक्कावन्न रुपये मागितले. नवरदेवाच्या चुलत्यानं एका पोरीचा हात धरून पिरगाळला आणि बूट ज्वारीच्या कणगीमागून काढले. बारा वर्षांची पोरगी होती ती. आता तिचीच पोरगी बारा वर्षांची असेल. त्यानंतर काही वर्षं कुणी नाव घेतलं नाही. मग कुठल्या तरी लग्नात एकशे एक मिळाले. मग पाचशे. मग पत्रिकेत नाही पण बोलाचालीत त्याची वेगळी तरतूद व्हायला लागली, जसं घोड्याचं, जसं बँडचं. कार्यालयवाले आता बुटांसाठी सजवलेली परडी देतात, लपवायला. लपवायची वस्तू ठेवायला परडी! पण खेळ टिकला. पोरी अजून धावतात, धावताना घागरा दोन्ही हातांनी उचलतात, आणि ते बघताना मला दर वेळी मावशीचं घट्ट झालेलं पोट आठवतं.

खर्चाचं काय सांगू. पंगती गेल्या, काउंटर आले. वांग्याची भाजी, वरण, बुंदी यांच्या शेजारी मंचुरियन, आणि मंचुरियनपाशीच सगळ्यात मोठी रांग. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा एका लग्नात आचाऱ्यानं किराण्याच्या यादीवर सगळ्यात वर 'टँकर २' असं लिहून दिलेलं मी बघितलंय. त्या दिवसांत लोक जरा शुद्धीवर आले होते, सामुदायिक विवाहांत नावं घातली जात होती. पुढं पाऊस पडला आणि लाज वाहून गेली. काकांची सात एकर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात चार हजारांच्या आगेमागे. काकांनी दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून माल घरात ठेवला, भाव वाढला नाही, लग्नासाठी काढावा लागला. म्हणजे त्या पाकिटातले अकरा हजार म्हणजे पावणेतीन क्विंटल सोयाबीन. मी शिक्षिका आहे, असे हिशोब मला आपोआप होतात, जेवताना सुद्धा.

नवरी गेली. कार्यालयाच्या पायऱ्यांवर काका एकटे बसले होते, फेटा शेजारी काढून ठेवलेला, बूट काढून पाय खालच्या गार फरशीवर टेकवलेले. पाय सुजले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"काका, तुमचेच पैसे तुमच्याच पोरींना. कशाला केलं असं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. आत मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती.

"आबांनी माझ्या बुटाचे साडेतीनशे भरले व्हते," ते म्हणाले. "मी बोहल्यावर उभा व्हतो. समदं दिसूलालतं मला. एक शब्द बोललो नाही."

"तुम्ही बावीस वर्षांचे होता."

"तेवीस," ते म्हणाले, आणि बूट घालायला लागले. सुजलेले पाय जाईनात. मी बूट धरला, त्यांनी पाय दाबला.

मला यावर काहीतरी म्हणायचं होतं. आबा गेले त्याला खूप वर्षं झाली, त्यांची परतफेड त्यांच्या नातीच्या लग्नात अशी आडून करून काय होतं. आणि मुख्य म्हणजे ती परतफेड पोचली कुठं? निळ्या कुर्त्याकडं. तो पोरगा उद्या सांगेल की मुलीकडच्यांनीच पैसे दिले, आणि आता कुठल्याही लग्नात तसेच मागितले जातील, बुटाचे मुलीकडून, आधीच, याद मांडतानाच. उलटा आलेला तो एवढासा ओघळ परत उताराला लागला, आणि तो वळवून द्यायला मी हात दिला. हे सगळं मला म्हणायचं होतं. पण त्यांच्या टाचेखाली माझी बोटं होती आणि ते माझ्याकडं बघत नव्हते.

रात्री मावशीच्या घरी वही काढली. प्रत्येक लग्नघरात असते तशी, दोनशे पानी, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. आहेर कुणाकुणाचा आला ते लिहून ठेवावं लागतं, फेडायचा असतो. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम मला. मावशी अंथरुणावर पाय पसरून पाकिटं फोडत होती आणि सांगत होती, मी लिहीत होते. पाचशे एक, अमुक मामा. दोनशे, शेजारच्या काकू. मिक्सर, भावकीतले. पोरी दमून एकमेकींच्या अंगावर झोपल्या होत्या, तोंडं न धुता, एकीच्या गालाला चमकी. बुटाचं पाकीट त्यांनी संध्याकाळीच मावशीकडं दिलं होतं, ठेव, उद्या वाटून घेऊ म्हणून. ते ढिगातून वर आलं. मावशीनं ते फोडलं नाही. उलटंपालटं केलं, कोपऱ्यातल्या नाण्यावरून अंगठा फिरवला.

"हे पाकीट मी आणलेलं हाय," ती म्हणाली. "गंजगोलाईच्या बाजारातून. ह्याच गणपतीचा गठ्ठा व्हता."

मी वहीतच बघत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं असावं. बाहेर ओट्यावर काका मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते, दोन खुर्च्या कमी भरल्यात म्हणून.

"लिही. बूट. अकरा हजार."

"जमेत का खर्चात?"

ती ओट्याकडं बघत होती. काकांचं फोनवरचं बोलणं संपलं, खोकला आला, मग तंबाखू मळल्याचा आवाज.

"दोन्हीकडं लिही."

खर्चात लिहिलं. मग जमेच्या पानावर आले. तिथं रकमेपुढं देणाऱ्याचं नाव लागतं. मी पेन टेकवून थांबले, शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"नवरदेव लिही," मावशी म्हणाली. "सकाळी पोरी वाचतील."